जाताना मऊ, येताना कडक

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवायची ती त्यांची बायको. गणित, वरच्या वर्गांना, एकतीस वर्षं. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. मास्तर स्वतः गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन शाळेतून बाहेर पडले आणि थेट गॅरेजात शिरले ते तिथलेच झाले. गाडीच्या मडगार्डवर तळहात ठेवायचा, एकदा दाबायचा, गाडी किती वेळा डुलते ते बघायचं आणि धक्के गिळणाऱ्या चार शॉकअपपैकी कुठला गेलाय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. मशीन नंतर तेच सांगायचं. म्हणून गॅरेजात त्यांचं नाव मास्तर पडलं. "आमच्या घरात एक मास्तर आणि एक बाई," ते सांगायचे, "पण शिकवता येतं ते फक्त बाईंना."

गॅरेज मोठ्या रस्त्याच्या वळणावर होतं. काम सगळं सस्पेन्शनचं आणि चाकांच्या अलाइनमेंटचं. गेल्या काही वर्षांत तिथं एक नवंच खूळ आलं होतं. धडधाकट गाड्या घेऊन लोक यायचे आणि कंपनीचे शॉकअप काढून बाहेरचे, ॲडजस्ट होणारे शॉकअप बसवून मागायचे. ह्या शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे असतात. रिंग फिरवली की स्प्रिंग वरखाली सरकते आणि गाडी हवी तेवढी उंच किंवा बुटकी होते. वरच्या टोकाला एक छोटं बटण. ते फिरवलं की खट खट आवाज येतो. बत्तीस खटके. शून्यावर शॉकअप मऊ, बत्तीसवर दगड. गिऱ्हाइकांना हवा असायचा दगडच. गाडी रस्त्याला चिकटली पाहिजे, वळणावर वाकता कामा नये. मास्तर निमूटपणे बसवून द्यायचे आणि गाडी गेल्यावर मालकाला म्हणायचे, "चांगल्या गाडीचं गाढव केलं बघा. आता स्पीडब्रेकर दिसला की ह्याच्या पोटात गोळा येणार."

मालक त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो हसायचा. "मास्तर, हौस आहे लोकांची."

बाईंचं दुखणं पाठीतून सुरू झालं. फळ्यापाशी उभं राहून राहून पाठ धरते, असं त्या वर्षभर म्हणत राहिल्या. निवृत्त झाल्यावरही पाठ थांबली नाही तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं की दुखणं भलतीकडेच होतं. कॅन्सर तिथून मणक्यांपर्यंत पसरला होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. दर मंगळवारी इंजेक्शनं, अठरा आठवडे. मणके ठिसूळ झालेत, धक्का लागू देऊ नका.

हॉस्पिटल अडतीस किलोमीटरवर. वाटेत रेल्वेचं फाटक, आणि खाणीच्या ट्रकांनी उखडून टाकलेला सात-आठ किलोमीटरचा पट्टा. पहिल्या मंगळवारी मास्तरांनी आपली जुनी करडी गाडी वीसच्या वेगाने नेली. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. बाई शेजारच्या सीटवर ताठ बसून होत्या. तोंडातून ब्र काढला नाही. मास्तरांनी दोनदा विचारलं, "त्रास होतोय का गं?" दोन्ही वेळा मान हलली, नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना मास्तरांच्या हाताला बाईंचा रुमाल लागला. कडेला दातांच्या खुणा होत्या. एका ठिकाणी कापड आरपार गेलं होतं.

त्यांनी रुमाल दोरीवर वाळत घातला आणि आत येऊन म्हणाले, "ॲम्ब्युलन्स सांगू या."

"ॲम्ब्युलन्सची चाकं कशी असतात ते तुम्हीच मला दहा वेळा सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आणि मी आडवी होऊन जाणार नाही. बसून जाणार."

"मग गाडीचं काहीतरी करतो."

"करा. तुमचाच विषय आहे."

गॅरेजात मास्तरांनी ॲडजस्टवाला सेट मागवा म्हणून सांगितलं तेव्हा मालकाला आधी थट्टाच वाटली. "मास्तर, ह्या वयात गाडी खाली बसवताय?"

"बसवत नाही. उचलतोय."

सेटबरोबर आलेल्या स्प्रिंगा मास्तरांनी हातात घेऊन बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. असल्या कडक स्प्रिंगांचा उपयोग नव्हता. ते स्वतः स्प्रिंगवाल्याकडे गेले. मागच्या सीटवर एकही माणूस बसणार नाही, डिकी रिकामी, पुढं दोनच माणसं आणि त्यातलं एक एक्केचाळीस किलोचं, हे त्याला सांगितलं. एक्केचाळीस हा आकडा बोटाने टेबलावर लिहून दाखवला. स्प्रिंगवाल्याने पातळ तारेच्या चार स्प्रिंगा वळून दिल्या. रविवारी गॅरेज बंद असताना मास्तरांनी गाडी लिफ्टवर चढवली, जुने शॉकअप उतरवले, नवे चढवले. रिंगा वर घेऊन गाडी बोटभर उंच केली, म्हणजे खड्ड्यात चाकाला वरखाली व्हायला जागा मिळेल. टायरमधली हवा थोडी कमी केली. मग मालकाला बोलावून गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले, पाठीमागे मणक्याच्या रेषेत लाकडाची एक पट्टी उभी धरून.

"हे काय करताय?"

"चालवा तुम्ही. खड्डे चुकवू नका."

पट्टी खुपली की खटके कमी करायचे. असं करत करत ते चारवर आले. चारवर पट्टी जवळजवळ कळतच नव्हती. मास्तर त्या रात्री घरी गेले ते शीळ घालत. बाईंनी भुवया उंचावल्या. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि मास्तरांना शीळ वाजवता येते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मंगळवारी जाताना बाई दोनदा म्हणाल्या, "अहो, खरंच लागत नाहीये." मास्तरांची छाती फुगली. येताना बाराव्या किलोमीटरला बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि दार उघडून त्या रस्त्याच्या कडेला ओकल्या. पुन्हा पंधराव्याला. पुन्हा फाटकापाशी. इंजेक्शनाने पोट आधीच ढवळलेलं, आणि गाडी होडीसारखी डुलत होती. प्रत्येक खड्ड्यानंतर तीन-तीनदा वरखाली. मास्तर एका हाताने त्यांचं कपाळ धरून उभे राहिले. चारवरचे शॉकअप पाठीला धक्का देत नव्हते, पण गाडीला धरूनही ठेवत नव्हते. तीस वर्षं हेच काम करून ही साधी गोष्ट आपल्या लक्षात येऊ नये, ह्याची त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "इकडे या. तोंड पाडून बसू नका. जाताना मला काय दुखतं?"

"पाठ."

"येताना?"

"पोट."

"मग दोन वेगळ्या गणितांना एकच उत्तर कसं चालेल?"

मास्तर पलंगाच्या कडेला येऊन बसले. मग म्हणाले, "पार्किंगमध्ये बदलायचं?"

"बटण आहे ना फिरवायला? का नुसतं शोभेला?"

त्या आठवड्यापासून हा क्रम ठरला. जाताना मऊ, येताना कडक. बाईंना वॉर्डात सोडलं की मास्तर पार्किंगमध्ये येत, बॉनेट उघडून पुढची दोन बटणं फिरवत, मग डिकीत अर्धे शिरून मागची दोन. पहिल्या दिवशी पार्किंगचा वॉचमन धावत आला. गाडीतून काही चोरीला जातंय असं त्याला वाटलं. मास्तरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. पुढच्या मंगळवारपासून तो त्यांच्यासाठी सावलीतली जागा अडवून ठेवायला लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "काकांची गाडी दोन स्वभावांची आहे."

बाईंनी चौकटींची वही काढली. पुढचे खटके, मागचे खटके, पाठ, पोट. दहापैकी मार्क. मार्क द्यायला हात आखडता. "पाठ सात, पोट चार. मागून जरा जास्त उसळते." मास्तर मागचे दोन खटके वाढवायचे. "पाठ सहा, पोट सहा." "सहा म्हणजे पास ना?" मास्तर विचारायचे. "पास झाल्याचा आनंद तुम्हालाच," बाई म्हणायच्या. त्या खडूस बोलायला लागल्या की मास्तरांना बरं वाटायचं. केस गेले होते, बोटांची टोकं बधिर झाली होती, पेन धरता येईना तसे त्या आकडे तोंडी सांगायला लागल्या आणि मास्तर लिहून घ्यायला लागले. मास्तरांचा सातचा आकडा एकासारखा दिसायचा, त्यावरूनही बोलणी खावी लागायची.

नवव्या मंगळवारी येताना बाई फाटकाच्या अलीकडेच गप्प झाल्या. मास्तरांनी वळून बघितलं तर त्यांचा डोळा लागला होता. घरात त्यांना कित्येक आठवडे धड झोप नव्हती. कुशीवर वळलं की जाग यायची. इथं मान सीटला टेकवून त्या शांत झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. गाडी खाणीच्या पट्ट्यावरून गेली तरी जाग आली नाही. मास्तरांनी घराचं वळण सोडून दिलं. सरळ पुढे गेले. पाण्याच्या टाक्या, कापडाची गोदामं, पुढे नवीन घरांच्या रांगा, सगळं मागे पडलं. चांगला रस्ता मिळेल तिकडे वळत राहिले. उन्हं कलली तेव्हा बाईंनी डोळे उघडले.

"कुठं आहोत आपण?"

"जवळच."

"खोटं."

"हो."

बाईंनी काचेतून बाहेर बघितलं. आजूबाजूला ओळखीचं काही नव्हतं. "दहा," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवा. पुन्हा मिळणार नाहीत."

मिळाले नाहीतच. तेराव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावून औषध लागू पडत नसल्याचं सांगितलं. आता ये-जा करण्यात अर्थ नाही, घरीच दुखणं कमी ठेवायचं बघू. बाईंनी दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मास्तर पार्किंगमध्ये गेले, सवयीने चारही बटणं फिरवली, आणि तिथंच बंपरला टेकून बसले. वॉचमनने काय ते ओळखलं आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेला.

ह्यापुढे जे झालं ते मास्तर कुणाला सांगत नसत. त्यांच्या लेकीला ठाऊक होतं, कारण ती तेव्हा घरात होती.

लेक दुसऱ्या गावाहून नोकरीवर रजा टाकून आली होती. आईचं सगळं तिने अंगावर घेतलं. आणि मास्तर गाडीच्या मागे लागले. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं की लांब, दोनशे किलोमीटरवर, एक मोठं हॉस्पिटल आहे आणि तिथं नवीन काही औषध देतात. दोनशे किलोमीटर बाईंना न्यायचं तर गाडी अजून चांगली हवी. शॉकअपवरचे रबर बदलायला हवेत, चाक धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश बदलायला हवेत, सीटखाली काहीतरी करायला हवं. घराच्या मागे, बाईंच्या खिडकीखालीच, गाडी जॅकवर चढवून ते सकाळपासून तिच्या पोटाखाली असायचे. बाईंना पलंगावरून पान्यांचे आवाज ऐकू यायचे.

"अहो," एका दुपारी त्या खिडकीतून म्हणाल्या, आवाज अगदी बारीक झाला होता, "आता मला कुठं जायचंय?"

"अगं, तयारी असलेली बरी."

"गाडी खूप झाली. जरा इथं येऊन बसा."

"आलो. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं रोजची झाली. बाईंच्या शेजारी बसलं की मास्तरांना काय करावं ते कळायचं नाही. हात मांडीवर ठेवायचे, उचलायचे, चादरीची सुरकुती सरळ करायची. बाई बघत असायच्या. त्या बघण्याला उत्तर नव्हतं. गाडीखाली मात्र प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. नट सैल असला तर आवळायचा, रबर फाटलं असलं तर बदलायचं. ते पळून जात होते. हे त्यांना तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

गुरुवारी दुपारी लेक मागच्या दारात आली. "बाबा, आई बोलावतेय."

"आलो, हा एवढा एक नट."

"बाबा, लगेच या म्हणतेय."

"आलोच म्हटलं ना."

नट गंजला होता. सरकेना. तेल सोडलं, पान्याला नळी लावून जोर दिला. शेवटी सुटला. मग हात. ग्रीसचे हात घेऊन बाईंपाशी कसं जायचं, म्हणून ते नळाखाली साबणाची पूड चोळत उभे राहिले, नखांतलंही काढलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

ते खोलीत गेले तेव्हा बाईंचे डोळे उघडे होते आणि त्यांच्यावरच होते, पण शब्द गेले होते. ओठ हलत होते. मास्तर पलंगाशी गुडघ्यांवर बसले, कान अगदी ओठांपाशी नेला. नुसता श्वास. "काय म्हणतेस? पुन्हा सांग. बाई, पुन्हा एकदा सांग." तेहतीस वर्षांत त्यांनी बायकोला कधी बाई म्हणून हाक मारली नव्हती.

शनिवारी सकाळी बाई गेल्या. तोवर मास्तर पलंगापासून हलले नाहीत, पण बाई काही बोलल्या नाहीत.

नंतर त्यांनी लेकीला एकदाच विचारलं. "तिला काय सांगायचं होतं?"

"काही नाही, बाबा. 'ते कुठं आहेत' एवढंच विचारत होती."

लेकीने खरं सांगितलं की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे मास्तरांना कधीच ठरवता आलं नाही. आणि खरं असेल तर त्याने बरं कसं वाटावं, हेही.

बाईंना न्यायला म्युनिसिपालिटीची व्हॅन आली होती. मास्तर मागे त्यांच्याशेजारी बसले. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. व्हॅन जुनी, मागचे स्प्रिंगचे पाटे कडक, ड्रायव्हरने वेग कमी केला नाही आणि दणका बसला. मास्तर ओरडले, "हळू! पाठ आहे तिची!"

ड्रायव्हरने दचकून मागे बघितलं. "काका, आता त्यांना..." तो म्हणाला. मग तो सबंध रस्ताभर पायी चालणाऱ्याच्या वेगाने गेला.

पुढे सात-आठ महिने मास्तरांनी गाडीला हात लावला नाही. मालकाने येऊन ती जोडून, जॅकवरून उतरवून ठेवली होती, तिच्यावर धूळ बसली. लेक फोनवर म्हणाली, "मी येऊन घेऊन जाऊ का?" तिला गाडीची गरज होती. मास्तर 'न्यायची तर ने' म्हणाले. ती आली आणि घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फार छान चालते हो." मास्तर हो म्हणाले आणि त्यांनी घराचं फाटक लावून घेतलं. कामावर ते बसने जायला लागले. गॅरेजात बोलणं कमी झालं होतं. थट्टा करणारी गिऱ्हाइकं आता त्यांच्या वाटेला जात नसत.

एका मंगळवारी पन्नाशीचा एक माणूस पांढरी गाडी घेऊन आला. हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या वॉचमनने त्याला पत्ता दिला होता. आईची पाठ, खाणीचा रस्ता, तेच सगळं. मालकाने मास्तरांकडे बघितलं. नाही म्हणाले तर समजून घ्यायची त्याची तयारी होती. मास्तरांनी मडगार्डवर तळहात ठेवून दाबला आणि म्हणाले, "सेट आठ दिवसांत येईल. स्प्रिंगा वेगळ्या वळवून घेऊ. आईंचं वजन किती?"

आठ दिवसांनी माणूस गाडी घेऊन आला आणि तिथंच थांबला. मास्तरांनी गाडी वर घेतली, तर हा खाली येऊन उभा. हे काय, ते कशाला, ही रिंग किती फिरवायची. मोबाइलमध्ये फोटो काढत होता. म्हणाला, "मला शिकून घ्यायचंय. म्हणजे घरच्या घरी मी करत राहीन. रजा टाकलीय मी महिनाभराची."

"आई कुठं आहेत?"

"घरी. बाई ठेवलीय बघायला."

"तुम्ही जा घरी."

"नाही, मी थांबतो ना. मला घाई नाही."

मास्तरांच्या हातातला पाना खाली आपटला. तीस वर्षांत गॅरेजात कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "शॉकअप मी बसवतो! त्याचा पगार घेतो मी! तुम्ही इथं काय करताय? आईपाशी कोण बसलंय? जा! गाडी संध्याकाळी न्या, पण आत्ता इथून जा!"

माणूस पांढराफटक पडला. मालक पुढे झाला, गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेला, रिक्षात बसवून आला. मास्तरांनी पाना उचलला, फडक्याला पुसला आणि काम पुढे चालू केलं.

संध्याकाळी माणूस आला तेव्हा गाडी दाराशी तयार होती. तो दबकतच आत आला. मास्तरांनी किल्ली दिली, बटणं कुठं आहेत ते दाखवलं, कुठल्या खटक्यापासून सुरुवात करायची ते कागदावर लिहून दिलं.

"दुपारी घरीच होतो," माणूस म्हणाला, विचारलं नसताना. "आईला झोप लागली होती. मी नुसता बसून होतो. बोलणं काही झालं नाही."

"नाही झालं तरी चालतं," मास्तर म्हणाले.

मग ते वळून हात धुवायला गेले. पांढरी गाडी वळणावरून सावकाश निघून गेली. ती पुन्हा गॅरेजात आली नाही, आणि त्या आईचं पुढे काय झालं ते मास्तरांनी वॉचमनला कधी विचारलं नाही.